निदान विक्रीला, उपचार वाऱ्यावर

वऱ्हाडात अलीकडे आरोग्य शिबिरांचे पीक कापसापेक्षा भरघोस येऊ लागले आहे. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव असो की गणेशोत्सव असो, मंडप पडतो, फलक लागतात, रक्तदाब मोजला जातो, बोटाला सुई टोचून साखर पाहिली जाते, आणि सायंकाळी किती जणांची तपासणी झाली याचा आकडा वृत्तपत्रांकडे रवाना होतो. तपासणीत ज्यांना रोग सापडला त्यांचे पुढे काय झाले, हा आकडा मात्र कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही. येणार तरी कसा? तो कोणी ठेवतच नाही.

या बाजारात आता एक नवा माल दाखल झाला आहे. रक्ताची एक नळी द्या, शरीरात दडलेला कर्करोग आम्ही शोधून देतो, असे आश्वासन देणाऱ्या चाचण्या मोठ्या शहरांतील खासगी तपासणीत समाविष्ट होऊ लागल्या आहेत. अमरावती-अकोल्याच्या शिबिरांत त्या पोचण्यास फार काळ लागणार नाही. रुग्णाला प्रवास करणे अवघड असते. रक्ताच्या नळीला ते अवघड नसते. म्हणूनच या चाचणीचे शास्त्र काय, तिचे अर्थकारण काय, आणि वऱ्हाडातील साठीच्या शेतकऱ्याला तिच्यापासून नेमके काय मिळणार, याचा विचार आधीच करून ठेवणे इष्ट आहे. माल दारात आल्यावर विचार करणाऱ्याचे काय होते, हे कापूस उत्पादकाला कोणी निराळे सांगावयास नको.

शास्त्राचे श्रेय शास्त्राला

प्रथम शास्त्राविषयी. कर्करोगाच्या गाठीतून काही पेशी सुटून रक्तप्रवाहात येतात, ही गोष्ट नवी नाही. १८६९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस अ‍ॅशवर्थ या वैद्याने कर्करोगाने मरण पावलेल्या एका माणसाच्या रक्तात, त्याच्या गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्याची नोंद केली. परंतु पाहणे निराळे आणि हुकमी शोधून काढणे निराळे. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी काही अब्ज असतात, पांढऱ्या पेशी काही दशलक्ष असतात, आणि कर्करोगाच्या पेशी असल्याच तर एखाद-दुसरी. गंजीत सुई शोधणे याच्यापुढे सोपे.

हे काम साधण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. अशा बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन असते. त्याला चिकटणारे प्रतिपिंड लोहकणांवर बसवावयाचे आणि चुंबकाने त्या पेशी ओढून घ्यावयाच्या, ही एक रीत. तिच्यावर आधारलेल्या 'सेलसर्च' या यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली स्तनाच्या आणि २००८ साली प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी परवानगी दिली. साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी सापडल्या तर रोगाचे भवितव्य वाईट, त्याहून कमी सापडल्या तर बरे, असा तिचा ठोकताळा आहे. मात्र येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ही परवानगी होती ती ज्यांचा रोग ठाऊक आहे आणि शरीरभर पसरलेला आहे अशा रुग्णांसाठी, उपचार लागू पडतो आहे की नाही हे पाहण्यासाठी. धडधाकट माणसात रोग हुडकण्यासाठी ती नव्हती. रोगाच्या आरंभी या पेशी रक्तात इतक्या थोड्या असतात की त्या रीतीने बहुधा हातीच लागत नाहीत.

ही अडचण आपण ओलांडली आहे, असे सांगणाऱ्यांत महाराष्ट्रातलीच एक कंपनी आघाडीवर आहे, ही अभिमानाचीही गोष्ट आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सने पाच मिलिलिटर रक्तातून प्रोस्टेटच्या कर्करोग-पेशी ओळखण्याची चाचणी विकसित केली. निरोगी माणसाला चुकून रोगी ठरविण्याचा प्रमाद तीत जवळजवळ घडत नाही, असा कंपनीचा दावा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ साली तिच्या स्तनकर्करोगाच्या आणि २०२२ साली प्रोस्टेटच्या चाचणीला 'ब्रेकथ्रू' असा दर्जा दिला. नाशिकच्या प्रयोगशाळेत हे काम व्हावे, ते बोस्टन वा बर्लिनमध्येच व्हावे असे नाही, हे कोणीही मोकळ्या मनाने मान्य करील. स्वदेशी म्हणून शास्त्राला हिणविणे आणि स्वदेशी म्हणून त्याची परीक्षाच न घेणे, या दोन्ही वृत्ती सारख्याच त्याज्य आहेत.

परंतु 'ब्रेकथ्रू' हा दर्जा म्हणजे काय? एखादे साधन गंभीर रोगाच्या बाबतीत आशादायक दिसत असेल, तर त्याच्या तपासणीचे काम प्रशासनाने तातडीने हाती घ्यावे, यासाठी दिलेली ती सवलत आहे. ती विक्रीची परवानगी नव्हे आणि उपयुक्ततेचे प्रमाणपत्र तर नव्हेच. परीक्षेला बसण्यासाठी पुढच्या रांगेत जागा मिळाली, एवढाच तिचा अर्थ. जाहिरातीच्या भाषेत मात्र पुढच्या रांगेतला विद्यार्थी उत्तीर्णच नव्हे, प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण ठरतो. 'अमेरिकेने मान्यता दिली' हे वाक्य कानावर पडले की अकोल्याचा सुशिक्षित मध्यमवर्ग प्रश्न विचारणे थांबवितो, याचा विक्रेत्यांना चांगला अनुभव आहे.

दहा हजारांचा हिशेब

चाचणी चांगली आहे काय, हा एक प्रश्न. ती लोकांना लावल्याने लोकांचे भले होईल काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा देते, दुसऱ्याचे अंकगणित. ते अंकगणित शाळेतल्या मुलालाही जमण्यासारखे आहे.

समजा, अमरावती विभागातील साठीच्या आसपासच्या दहा हजार पुरुषांना, कोणतीही तक्रार नसताना, अशी एखादी रक्तचाचणी करावयास लावली. समजा, त्यांच्यापैकी वीस जणांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे. चाचणी उत्तम आहे असे धरू. रोग्यांपैकी शंभरात नव्वद ती पकडते आणि निरोग्यांपैकी शंभरात नव्याण्णवांना निरोगीच म्हणते. तिने वीसपैकी अठरा रोगी शोधले. परंतु उरलेल्या ९,९८० निरोग्यांपैकी शंभरात एक या हिशेबाने सुमारे शंभर जणांनाही तिने रोगी ठरविले. म्हणजे ज्या ११८ जणांच्या हातात 'कर्करोगाचा संशय' असा कागद पडला, त्यांतील शंभर जणांना कर्करोग नाही. शंभरात नव्याण्णव वेळा बिनचूक असलेली चाचणी येथे सहांपैकी पाच वेळा चुकीची ठरली. हा चाचणीचा दोष नव्हे. विरळ रोग सर्वांत शोधण्याचा तो परिणाम आहे. चाचणी याहून अचूक असेल तर चुका कमी होतील, हे खरे. पण किती कमी, हे रुग्णालयात संशयाने आलेल्या माणसांवर पारखून समजत नाही. ते गावातल्या सरसकट माणसांवर, तिऱ्हाईत संशोधकांनी, वर्षानुवर्षे पारखून समजते.

आता पैशाचा हिशेब. २०२२ साली स्तनाच्या कर्करोगासाठीची अशी चाचणी आपल्या देशात बाजारात आली तेव्हा तिची किंमत सहा हजार रुपये होती. तोच दर धरला तर दहा हजार पुरुषांचे सहा कोटी रुपये झाले, आणि खरा रोगी सापडण्याची किंमत प्रत्येकी तेहेतीस लाखांवर गेली. त्या सहा कोटींत जिल्हा रुग्णालयात काय काय उभे राहिले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

शिवाय जे अठरा सापडले त्यांचे काय? प्रोस्टेटचा कर्करोग हा विलक्षण रोग आहे. काहींना तो दोन वर्षांत हाडांपर्यंत पोचवितो. पुष्कळांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि तो माणूस दुसऱ्याच कशाने तरी मरतो. पाश्चात्त्य देशांत सत्तरी ओलांडून अन्य कारणांनी मेलेल्या पुरुषांची शवचिकित्सा केली तेव्हा तिघांपैकी निदान एकाच्या ग्रंथीत हा कर्करोग आढळला; हयातीत त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. असा निपचित रोग शोधून त्यावर शस्त्रक्रिया केली, तर मूत्रावरील ताबा जाणे, पुरुषत्व जाणे, असे भोग मागे लागतात, आणि आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही.

हे सारे यापूर्वी एकदा घडून गेले आहे. प्रोस्टेटमधील प्रतिजनाविषयी १९७० साली रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनी लिहिले. त्याच्या शोधातून निघालेली पीएसए ही रक्तचाचणी अमेरिकेत १९८६ साली मान्य झाली ती रोग ठाऊक असलेल्यांच्या पाठपुराव्यासाठी. १९९४ साली ती रोग हुडकण्यासाठीही मान्य झाली, आणि मग लाखो निरोगी पुरुषांना ती सरसकट लावण्यात आली. २०१० साली याच अ‍ॅब्लिन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून या सरसकट वापराला सार्वजनिक आरोग्यावरील महागडी आपत्ती म्हटले. ब्रिटनमध्ये चार लाखांहून अधिक पुरुषांचा पंधरा वर्षे मागोवा घेण्यात आला. एकदा पीएसए तपासणीस बोलावलेल्यांत या कर्करोगाने मेलेल्यांचे प्रमाण हजारी ६.९ होते, न बोलावलेल्यांत ७.८. लाभ आहे, पण हजारात एकालाही पुरता नाही. वारंवार तपासणी करणाऱ्या युरोपीय अभ्यासात तो याहून अधिक दिसला, हेही सांगितले पाहिजे. परंतु तेथे संशयिताला पुढचा सारा उपचार घराजवळ मिळत होता. पाठपुराव्याच्या साधनाचे शोधाच्या साधनात रूपांतर करावयाचे आणि पुरावा मागाहून गोळा करावयाचा, हा जो क्रम पीएसएच्या बाबतीत घडला, तोच रक्तातील पेशींच्या चाचणीच्या बाबतीत पुन्हा घडू पाहत आहे.

कागद हातात पडल्यानंतर

आता गणित बाजूला ठेवून माणसाकडे वळू. अंजनगाव सुर्जी वा तेल्हारा तालुक्यातला साठीतला एखादा शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. रात्री चार वेळा उठावे लागते, धार बारीक झाली आहे, कंबर दुखते. "वय झालं, लघवीले तरास होनारच," म्हणून तो दोन वर्षे काढतो. कंबरदुखीला नांगर-वखर कारण आहेच. कंबर बसल्यावर, पायांतले बळ गेल्यावर तो दवाखान्यात येतो, तेव्हा रोग मणक्यात पोचलेला असतो. या माणसाला निदान हवे होते, यात शंका नाही. पण त्याला रक्तातील दुर्मिळ पेशी मोजणारे यंत्र हवे होते काय? लक्षणे सांगताच बोटाने ग्रंथी तपासणारा डॉक्टर, काही शे रुपयांत होणारी पीएसए चाचणी, आणि संशय आल्यास बायॉप्सी, एवढे जरी वेळेवर मिळाले असते तरी पुरे होते.

आणि समजा, त्याने सहा हजार रुपये उसने आणून नवी चाचणी केली व तीत संशय निघाला. पुढे काय? रक्तचाचणीने संशय येतो. कर्करोगाचे शिक्कामोर्तब अद्याप ग्रंथीचा तुकडा काढून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. रोग किती आक्रमक आहे, हेही तेथेच ठरते. तो तुकडा काढणार कोण, पाहणार कोण, आणि अहवाल किती दिवसांनी येणार? त्यानंतर हाडांची तपासणी, मग शस्त्रक्रिया वा किरणोपचार. वऱ्हाडातील रुग्ण यासाठी एक तर नागपूर गाठतो, नाही तर अकोल्याहून वा बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीत बसून मुंबईला टाटा रुग्णालयात जातो. दादरला त्याला आसरा मिळतो तो गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत. महाराज याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. हातात खराटा घेतलेल्या एका निरक्षर साधूच्या पुण्याईने वऱ्हाडच्या कर्करोगी माणसाला मुंबईत पाठ टेकावयास जागा मिळावी, आणि शिकल्यासवरल्या राज्यकर्त्यांना त्याच्या जिल्ह्यातच त्याचा उपचार उभा करता येऊ नये, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

ज्यांना निदान म्हणजेच आरोग्य वाटते, त्यांनी एक जुनी गोष्ट आठवून पाहावी. १९६७ साली डॉ. राममनोहर लोहिया यांच्यावर दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली. निदान झाले होते, रोगी राजधानीत होता, लोकसभेचा सदस्य होता, वय अवघे सत्तावन्न होते. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीतून ते उठलेच नाहीत. १२ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे त्या रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. रुग्णालयाला नाव देणे सोपे असते, रुग्णालय नीट चालविणे अवघड. निदान आणि आरोग्य यांच्या मधल्या अंतरात रुग्णालय असते, आणि ते कच्चे असेल तर खासदारही वाचत नाही. मग धारणीच्या कोरकूची काय कथा?

बाजार कोणते निदान निवडतो

अर्थशास्त्रात केनेथ अ‍ॅरो यांचा १९६३ चा निबंध सुप्रसिद्ध आहे. वैद्यकसेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा वागत नाही, असे त्यांनी दाखविले. भीतीची भर पडली की हे अज्ञान शतगुणित होते. कर्करोग नाही, असे ऐकण्यासाठी माणूस वाटेल ती किंमत देतो. म्हणून खासगी भांडवल निदानाकडे धावते. चाचणी एकदा बसविली की तिला वॉर्ड लागत नाही, रात्रपाळी लागत नाही, मरणाऱ्या रुग्णाचे नातेवाईक दारात बसत नाहीत. नफा चाचणीत आहे, उपचाराची जोखीम दुसऱ्याने घ्यावी, आणि तो दुसरा म्हणजे बहुधा सरकारी रुग्णालय, ही या व्यवहाराची वाटणी आहे.

याच रोगावरचा एक स्वस्त उपचार पाहिला की बाजाराचा कल स्पष्ट होतो. वृषणे काढून टाकली वा संप्रेरकांनी निष्प्रभ केली की पसरलेला प्रोस्टेट-कर्करोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही वृषणांची शस्त्रक्रिया लहान आहे, कोणत्याही जिल्हा रुग्णालयातल्या शल्यकाला ती करता येते, आणि तिने हाडे पोखरलेल्या माणसाच्या वेदना अल्पावधीत उतरतात. तिची जाहिरात कोणी ऐकली आहे काय? तिची जाहिरात नाही, कारण तीत कोणाचा दलाल नाही. महिन्या-तीन महिन्यांनी टोचावयाच्या महागड्या सुया रुग्णाला आधी सांगितल्या जातात; कोणाला शस्त्रक्रिया नको असेल तर सुया त्याचा हक्क आहे, पण निवड त्याच्यापुढे ठेवली तर पाहिजे.

नियंत्रणाची स्थिती तर शोचनीय आहे. प्रयोगशाळेने स्वतःच्या घरात विकसित केलेली चाचणी विकण्यापूर्वी ती उपयुक्त आहे हे सिद्ध करण्याचे बंधन आपल्याकडे परिणामकारक नाही. केंद्राने २०१० साली केलेला वैद्यकीय आस्थापनांचा कायदा महाराष्ट्राने आपल्याकडे लागू केला नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचाराचा खर्च मुख्यतः उचलते. तेथवर पोचण्यापूर्वीच्या तपासण्यांचा भार रुग्णाच्या खिशावर. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली होती.

एका आक्षेपास उत्तर

यावर एक आक्षेप हमखास येईल. गरिबाने नवे तंत्र मागूच नये काय? मुंबई-पुण्याच्या श्रीमंताने रक्ताच्या थेंबात कर्करोग शोधावा आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याने बोटाच्या तपासणीवर समाधान मानावे, हा कोणता समाजवाद? आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. त्याचे उत्तर असे की, नवे तंत्र गरिबाला हवेच. पण ते गिऱ्हाईक म्हणून नव्हे, नागरिक म्हणून. इंग्लंडमध्ये रक्तातील डीएनएच्या तुकड्यांवरून अनेक कर्करोग शोधणारी 'गॅलेरी' ही चाचणी आली, तेव्हा तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेने २०२१ साली सुमारे १ लाख ४० हजार स्वयंसेवकांवर तिची चिठ्ठ्या टाकून परीक्षा आरंभली. अर्ध्यांचे रक्त तपासावयाचे, अर्ध्यांचे राखून ठेवावयाचे, आणि उशिरा सापडणारे कर्करोग खरोखरच कमी होतात काय हे पाहावयाचे. लोकांना विकण्याआधी लोकांच्या वतीने पारखून घेणे, हा मार्ग सार्वजनिक व्यवस्थेलाच शक्य असतो.

आरंभी कोणताही रोग सर्वांत शोधू नये, असा सिद्धांत येथे मांडावयाचा नाही. मुखाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग तीस वर्षांवरील सर्वांत शोधावा, असे केंद्राचे धोरण २०१६ पासून आहे आणि ते योग्य आहे. तंबाखू आणि खर्ऱ्याने ग्रासलेल्या वऱ्हाडात तोंड उघडून नीट पाहणे, याला तर यंत्रही लागत नाही. ज्या उपकेंद्रांत हे साधे कामही कागदावर उरकले जाते, तेथे प्रोस्टेटच्या पेशी मोजण्याची भाषा म्हणजे कौले फुटलेल्या घरावर कळस चढविणे होय. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी रोगशोधाचे दहा निकष लिहिले. सापडलेल्या रोगावर मान्य उपचार असावा, आणि निदान व उपचार यांची सोय उपलब्ध असावी, हे त्यांत आरंभीच सांगितले आहे. ही सोय नसताना शोधलेला रोग म्हणजे माणसाला त्याच्या मरणाची तारीख कळवून घरी पाठविणे.

हे निकष लिहिले जाण्याच्या दोन दशके आधी अमरावतीने ते आचरून दाखविले होते. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापन केले आणि शहराबाहेर तपोवन उभे केले. कुष्ठरोगी ओळखणे त्या काळी कठीण नव्हते. गावोगाव तो दिसतच होता. त्याला ठेवावयाचे कोठे, औषध कोणी द्यावयाचे, काम कोणते द्यावयाचे, हा प्रश्न होता, आणि तपोवन हे त्याचे उत्तर होते. ओळख आणि आधार यांची फारकत तेथे झाली नाही.

मागावयाचे काय

मग मागावयाचे काय? पहिली मागणी अशी की, स्वतंत्र परीक्षेत मृत्यू वा उशिराचे निदान कमी झाल्याचे सिद्ध होईपर्यंत, तक्रार नसलेल्या माणसांना अशा चाचण्या शिबिरांतून विकण्यास शासनाने मनाई करावी. दुसरी, ती परीक्षा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने घ्यावी आणि तीत अकोला व अमरावती यांचा समावेश करावा. नाशिकच्या चाचणीत दम असेल तर तो येथे दिसेल, आणि मग ती सरकारी रुग्णालयात विनामूल्य द्यावी लागेल.

तिसरी मागणी सर्वांत निकडीची. अकोल्याला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; अमरावतीला २०२४ साली ते सुरू झाले; अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंडाचे प्रत्यारोपणही झाले आहे. जे सरकारी रुग्णालय एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवू शकते, त्याला ग्रंथीचा तुकडा काढून आठवड्यात अहवाल देणे अशक्य असण्याचे कारण नाही. लक्षणे असलेल्या प्रत्येक पुरुषाला पीएसए आणि बायॉप्सी विनामूल्य, वृषणांची शस्त्रक्रिया व संप्रेरकांची औषधे जिल्ह्यातच, वेदनाशमनासाठी मॉर्फिन, आणि किरणोपचाराची सरकारी सोय विभागात, एवढे ठरवून, मुदत घालून झाले पाहिजे.

चौथी मागणी आकड्यांची. देशात २०२२ साली प्रोस्टेट-कर्करोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण झाले, असा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पण वऱ्हाडात किती? राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड यांच्या नोंदी आहेत. अमरावती नाही, अकोला नाही. बार्शीसारख्या तालुक्याने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी केली आणि वऱ्हाड अद्याप मोजलेच गेलेले नाही. ज्या प्रदेशात कर्करोगाचे रुग्ण मोजले जात नाहीत, तेथे कर्करोगाच्या पेशी मोजण्याची घाई कोणाला आणि कशासाठी झाली आहे, हे वेगळे सांगावयास नको.

यातले पहिले पाऊल मात्र शासनाची वाट न पाहता उचलता येते. कार्यकर्त्यांनी शिबिरे भरवावीत. परंतु मंडप घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. येथे जो संशयित निघेल त्याला उद्या सकाळी कोणत्या डॉक्टरकडे नेणार? खर्च कोणाचा? सहा महिन्यांनी त्याची चौकशी कोण करणार? तिन्हींची उत्तरे वहीत लिहिता येत नसतील, तर ते शिबिर लोकांसाठी नाही, फलकासाठी आहे. आणि गावात लघवीच्या तक्रारीने चोरून कण्हणारा म्हातारा असेल, तर त्याला लाज सोडावयास लावून सोमवारी तालुक्याच्या रुग्णालयात स्वतः घेऊन जावे, रांगेत त्याच्याबरोबर उभे राहावे, आणि तपासणी नाकारली गेली तर तेथेच बसावे. दहा गावांतले दहा म्हातारे असे दारात बसले, तर बायॉप्सीची सुई अकोल्यात येण्यास दहा वर्षे लागणार नाहीत.